कच्चा पाय

कामाच्या टेबलावर सात पाय होते. चार डावे, तीन उजवे. दोन गुडघ्याच्या वरचे, पाच गुडघ्याखालचे. एकाच्या पावलात बूट होता, एकाला मोजा चढवलेला होता, बाकीचे अनवाणी. आठवा पायवालीच्या हातात होता, आणि त्याची मालकीण समोरच्या दोन आडव्या दांड्यांमध्ये आपल्या स्वतःच्या एका पायावर उभी राहून फोनवर कुणाला तरी झापत होती.

"तारीख मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असं नसतं हो! ठेवा आता." वकीलबाईंनी फोन पर्समध्ये कोंबला. "झालं का गं? दुपारी कोर्टात उभं राहायचंय मला. बसून बोललं की समोरचा वकील मला म्हातारी समजतो."

"झालंच. घाला बघू."

वकीलबाईंनी पाय चढवला, दोन पावलं टाकली आणि दांडी धरून थांबल्या.

"काय केलंस हे? आधी बाहेरून टोचत होता. आता बाहेरून टोचतोच आहे, वर आतून हलतोय."

पायवालीने पाय काढून उजेडात धरला. ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो, तिची बाहेरची कड घासायची होती. तिने आतली घासली होती. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूच्या या कार्यशाळेत ती शिकाऊ म्हणून आली तेव्हापासून तिच्या हातून कड चुकली नव्हती. चांगलं नाव असूनही सगळं हॉस्पिटल तिला 'पायवाली' म्हणायचं ते उगाच नव्हे.

"माझा पाय तुझ्या हातात आहे," वकीलबाई स्टुलावर टेकत म्हणाल्या, "तुझं डोकं कुणाच्या हातात आहे?"

"काही नाही हो. घरचंच आहे जरा."

"घरचंच असतं सगळं. बाहेरचे लोक माझ्याकडे येतातच कुठे? भाऊ, काका, मेहुणे, यांच्यावरच माझं घर चालतं. बोल."

पायवाली कड भरून काढायला बसली, आणि हात चालू असला की तिला बोलता येई, म्हणून बोलली.

तिचे वडील एका मोठ्या धुलाईघरात बॉयलरवर होते. जन्मभर वाफेत उभे राहून त्यांनी एक रक्कम मागे टाकली होती आणि ती कशासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. राहतं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले. बाबा म्हणायचे, "आयुष्यभर हिला डोक्यावर चढवून ठेवली. आता खाली उतरवतो." त्याच इमारतीतली तळमजल्याची खोली विकायला निघणार होती. ती घ्यायची, एवढंच त्यांचं स्वप्न. पण खोली निघायच्या आधीच बाबा गेले.

पैसे होते दादाच्या हाताशी. त्याचं कारण त्या घराची एक जुनी सवय. तिथे सगळं थोरल्याच्या नावावर घ्यायचं, अशी रीत होती. विजेचा मीटर दादाच्या नावावर, शेगडीचा गॅस दादाच्या नावावर. पायवालीला दहावीत सायकल घेतली तर तिचीही पावती दादाच्या नावाची. "नाव थोरल्याचं, वस्तू सगळ्यांची," असं बाबा म्हणत, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. त्याच सवयीने बाबांनी बँकेतही, आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे तिथे, दादाचंच नाव लावलं होतं. नॉमिनी.

बाबा गेल्यापासून दादा आईला सांगत होता, "बँकेत अडकलंय गं. कागदपत्रं चाललीत. पुढच्या महिन्यात होईल." आणि आई शेजारणीला सांगत होती, "पुढच्या महिन्यात मी खाली येते हं." काल पायवाली स्वतः बँकेत गेली. काउंटरवरच्या बाईने पडद्यावर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, की ते खातं केव्हाच बंद झालंय. वडील गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात.

"दादाचं फॅब्रिकेशनचं शेड आहे," पायवाली म्हणाली. "ग्रिल, रेलिंग, जिने. त्यानं पाइप वाकवायचं मशिन घेतलंय. मला वाटलं कर्ज काढून घेतलं असेल."

"आणि तो म्हणतो नॉमिनी मी, म्हणून पैसे माझे."

"अजून म्हणाला नाही. पण म्हणेल."

"म्हणू दे. नॉमिनी म्हणजे पोस्टमन. मनिऑर्डर हातात आली म्हणून ती पोस्टमनची होत नाही, त्यानं दारापर्यंत पोचवायची असते. मृत्युपत्र केलं होतं का वडिलांनी? नाही ना? मग तिघं वारस. आई, तो, तू. तिघांचे तीन सारखे भाग."

पायवालीचा हात थांबला. "त्याचाही भाग आहे?"

"आहे तर! चोरी केली म्हणून मुलगा असणं संपत नाही. एक भाग त्याचा, तो त्यानं मशिनमध्ये घालो नाहीतर पाण्यात. पण दोन भाग तुमचे. ते मागायचे रस्ते ऐक." वकीलबाईंनी बोटं पुढे केली. "एक, नोटीस. दोन, दिवाणी दावा. हिशेब दे, भाग दे, आणि निकाल लागेपर्यंत ते मशिन विकायला मनाई. तीन, पोलिसात तक्रार. विश्वासानं सोपवलेला पैसा खाल्ला म्हणून. चार, मध्यस्थापुढे बसून तडजोड, आणि ती कोर्टात नोंदवून घ्यायची म्हणजे तिला हुकुमाचं वजन येतं. तुझी केस स्वच्छ आहे. मी तुझ्या जागी असते तर दावा उद्याच टाकला असता."

"आणि पोलिस?"

"धाक आहे खरा. पण ते चाक एकदा फिरवलंस की थांबवणं तुझ्या हातात राहत नाही. रागाच्या भरात लोक तिथं आधी जातात आणि मग मलाच विचारतात, बाई, आता मागे कसं यायचं."

पायवालीने भरलेली कड बोटाने चाचपली. मग तिने विचारलं, "कायद्यात कच्चा पाय असतो का?"

वकीलबाईंना प्रश्न कळला, कारण कच्चा पाय त्यांनी स्वतः घातलेला होता. या कार्यशाळेत कुणालाही पहिल्यांदा पक्का पाय देत नसत. आधी कच्चा. रंगरूप नसलेला, स्क्रू उघडे ठेवलेला. तो घालून माणसाने दोन आठवडे घरी वावरायचं. पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात, "छान आहे, काही टोचत नाही." पुन्हा उभं राहता आल्याच्या आनंदात माणूस खोटं बोलतो आणि ते त्याला कळतही नाही. दोन आठवड्यांनी मोजा काढला की कातडी खरं सांगते. जिथे लाल झालंय तिथे स्क्रू फिरवायचा, कड घासायची, आणि मग पक्का ओतायचा. पक्का ओतला की कडांच्या किरकोळ कामापलीकडे त्यात बदल नाही.

"असतो," वकीलबाई म्हणाल्या. "नोटीस. पंधरा दिवसांची. पण ती आईच्या सहीनं जाऊ दे. बहिणीच्या नोटिशीला भाऊ भांडण म्हणतो. आईच्या नोटिशीला काही म्हणता येत नाही."

"तुमची फी—"

"पाय दे आधी. फी सांगते." त्यांनी पाय चढवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या, परत गेल्या, आणि दांडी सोडून मधोमध उभ्या राहिल्या. "न्यायाधीश आत आले की उभं राहायचं असतं. अपघातानंतरचे पाच महिने मी टेबल धरून उभी राहत होते, आणि न्यायाधीश रोज म्हणायचे, 'बसा बाई, तुम्ही बसा.' पहिल्यांदा टेबल सोडून उभी राहिले ना, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. ती तुझी फी. केव्हाच पोचली."

वकीलबाईंनी लिहून दिलेली नोटीस आईपुढे ठेवायची हिंमत पायवालीला दोन दिवस झाली नाही. तिसऱ्या दिवशी दादाची बायको जिने चढून वर आली. वहिनी रोज शेडवर दादाची बिलं लिही. ती दारातच बसली, दम खाल्ला, आणि आई आत झोपलेली आहे हे पाहून आवाज खाली आणला.

"वन्सं, तुम्ही बँकेत गेला होतात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"बँकेचं दुसऱ्या खात्याचं काम होतं, गेले होते. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, तुमच्या नणंदबाईंचं काम झालं का." वहिनी पदराशी चाळा करत राहिली. "यांना मी किती वेळा म्हटलं, आईंना खरं सांगा. म्हणतात, भरून काढतो आणि मगच सांगतो. मशिन आलं आणि ज्या ठेक्यासाठी घेतलं तो ठेकाच दुसऱ्याला गेला. आता रात्री उठून बसतात. यांचा वाईट हेतू नव्हता हो."

"हेतूनं आई खाली उतरत नाही, वहिनी."

"तेच सांगायला आलेय." वहिनीने मान वर केली. "काय पाठवायचं ते पाठवा. नोटीस, बिटीस. तुम्ही नाही पाठवलंत तर हे जन्मभर पुढच्या महिन्याची वाट बघतील. मी सांगितलं म्हणून नका सांगू, एवढंच."

आपल्या नवऱ्यावर नोटीस काढा म्हणून सांगायला ही बाई चार मजले चढून आली होती. पायवालीने वहिनीला पाणी दिलं. वहिनी ते एका दमात प्याली आणि भांडं स्वतः विसळून ठेवून गेली.

संध्याकाळी आईने चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली.

"'माझे पक्षकार' म्हणजे मी?"

"हो."

"आणि 'आपण' म्हणजे आपला हा?"

"हो, आई."

"जन्मात कधी त्याला 'आपण' म्हटलं नाही मी." आईने कागद मांडीवर ठेवला. "रजिस्टर पोस्टानं फटके नाही का पाठवता येत? तेच बरे होते. खाऊन दुसऱ्या मिनिटाला जेवायला यायचा."

"नको असेल तर नको सही करूस. खरंच. मी काही म्हणणार नाही."

आई खिडकीकडे बघत राहिली. चौथ्या मजल्यावरून तिला समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या दिसत. गेलं वर्षभर तिने एवढंच जग पाहिलं होतं.

"पैशांचं राहू दे," ती म्हणाली. "पण दर महिन्याला तो माझ्याशी खोटं बोलायला चार मजले चढून येतो. किती दमत असेल तो. आण पेन."

नोटीस पोचली त्या दुपारी दादा थेट कार्यशाळेत आला. हातमोजे हातातच, कपाळावर वेल्डिंगच्या चष्म्याचा वळ. पायवाली प्लास्टरचा साचा भरत होती.

"पोस्टमनसमोर सही घेतलीस माझी! कामगार बघत होते! अगं, फोन नव्हता तुझ्याकडे?"

"फोनवर तू पुढचा महिना म्हणतोस."

"नाव माझं आहे बँकेत. बाबांनी लावलंय. मी काही खोटी सही नाही केली."

"मीटरही तुझ्या नावावर आहे, दादा. म्हणून घरातला उजेड तुझा का?"

दादा टेबलावरचे पाय बाजूला सारून तिथेच बसला. त्याच्या एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार.

"मला खरंच वाटायचं," तो म्हणाला. "लहानपणापासून सगळं माझ्या नावावर. तुझी सायकलसुद्धा. मला वाटायचं, माझं आहे आणि मी तुम्हाला वापरायला देतोय. बाबा असेपर्यंत त्यानं काही बिघडलं नाही."

"प्लास्टर सुकतंय," पायवाली म्हणाली. "जरा ही कड धर."

दादाने हातमोजे खाली ठेवले आणि कड धरली. साचा सुटेपर्यंत त्याने ती सोडली नाही.

नोटिशीचे पंधरा दिवस संपायच्या आत दादा तडजोडीला बसायला तयार झाला. मध्यस्थाची खोली लहान होती. मधे गोल टेबल, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. निवृत्त न्यायाधीश मध्यस्थ होते. वकीलबाई उभ्याच राहिल्या, उभं राहायची गरज नसताना. आईला येता येणार नव्हतं, तिचं मुखत्यारपत्र पायवालीकडे होतं. दादाबरोबर वहिनी आली होती.

दादाने खाली मान घालून सगळं कबूल केलं. मग मान वर केली आणि म्हणाला, "दोन्ही भाग देतो. तीन महिन्यांत. शब्द आहे माझा. लिहून घ्या."

मध्यस्थांनी समाधानाने पेन उचललं. वकीलबाईंनी पायवालीकडे बघितलं. याहून जास्त कोर्टातही मिळालं नसतं.

"नको," पायवाली म्हणाली.

"काय नको?" दादा चिडला. "सगळे देतोय तरी नको?"

"पहिल्या दिवशी सगळेच छान म्हणतात, दादा. तू तीन महिने म्हणतोस, कारण आत्ता तुला इथून उठायचंय. चौथ्या महिन्यात मला दावा टाकावा लागेल, आणि मग आपण कधीच बोलणार नाही." तिने खुर्ची पुढे ओढली. पेशंटशी बोलताना ती असंच करी. "टोचतं कुठं ते सांग. कुठल्या महिन्यात तुझ्याकडे काम नसतं?"

दादा वहिनीकडे बघू लागला.

"बांधकामं थांबतात ते चार महिने," वहिनी म्हणाली. "तेव्हा पगार द्यायचीही मारामार असते. बाकी वेळ बरं असतं."

"मग ते चार महिने कोरे ठेवू. बाकीच्या महिन्यांत, कामगारांचे पगार देऊन जे तुला खरंच झेपेल ते सांग. लाजेनं वाढवू नकोस."

दादाने आकडा सांगितला. फार लहान होता. 

"आणि आत्ता?" वकीलबाईंनी विचारलं.

"टेम्पो विकतो. माल भाड्याच्या गाडीनं नेईन."

"मशिन?"

"ते राहू दे त्याच्याकडे," पायवाली म्हणाली. "मशिन गेलं तर हप्ता कशातून देईल?"

"पण एक कलम माझं," वकीलबाई म्हणाल्या. "सगळं फिटेपर्यंत मशिन विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. आणि सलग दोन हप्ते चुकले तर उरलेलं एकदम. भावंडं तुम्ही आहात, मी नाही."

मध्यस्थ हसले. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, चौघांनी ऐकलं, आणि ते कोर्टाच्या शिक्क्यासाठी गेलं. सगळं फिटायला सहा वर्षं लागणार होती. बाहेर पडताना पायवाली वकीलबाईंचे आभार मानायला थांबली. वकीलबाई पायऱ्या उतरत होत्या. रेलिंगला हात न लावता, एकेक.

"बघत काय उभी आहेस? तुझाच माल आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कोर्टाकडे निघाल्या.

बाबांनी बघून ठेवलेली तळमजल्याची खोली तोवर गेली होती. एका शिंप्याने घेतली. टेम्पोचे पैसे आणि पायवालीची शिल्लक मिळून मागच्या गल्लीत एक भाड्याची मिळाली. तळमजल्याची, पण अर्ध्या आकाराची, आणि दुपारनंतर ऊन नाही. आईला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी चार मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर ती त्यांना "पाठ सांभाळा रे" म्हणत होती. खाली आल्यावर तिने खुर्ची गल्लीतच ठेवायला लावली आणि दिवे लागेपर्यंत तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी बोलली. ज्यांना ती ओळखत नव्हती त्यांच्याशीसुद्धा.

हप्ते येऊ लागले. एकदा उशिरा आला, तेव्हा आदल्या दिवशीच वहिनीचा फोन आला होता. पायवालीने हे कुणाला सांगितलं नाही, पण महिन्याच्या त्या दिवशी बँकेचा निरोप आला की तिला बाबांच्या अंगाला यायचा तसा वाफेचा, साबणाचा वास आल्यासारखं होई. ती हातातलं काम क्षणभर थांबवी. बाबांनी जे जमवलं होतं ते, त्यांनी जमवलं तसंच, थोडं थोडं करून घरी येत होतं.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर खोलीत लोखंड घासल्याचा वास होता. पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या भिंतीला पाइपचा कठडा बसवलेला होता. कोपऱ्यावर सांधा नव्हता. एकच अखंड पाइप गोल वळवून पुढे नेला होता. खाली पडलेली सिमेंटची भुकटी झाडून एका कागदात भरून ठेवलेली होती.

"दादा आला होता?"

"दुपारी. आधी मला भिंतीशी ताठ उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि टेप लावून काय काय मोजत बसला." आई पलंगावर बसून हसत होती. "म्हटलं, अरे, शिंपी आहेस का? तर म्हणतो, मनगट कुठं येतं ते बघायचं असतं. तुझ्या कार्यशाळेत फोन करून विचारलं म्हणे त्यानं, तुला सांगू नका म्हणून."

"चहा घेतला का?"

"दोनदा. आणि जाताना म्हणाला, येतो. पुढच्या महिन्यात वगैरे काही नाही. नुसतं येतो."

आई उठली. कठड्याला धरून ती न्हाणीपर्यंत गेली, कोपऱ्यावर हात न उचलता वळली आणि परत आली. मग पुन्हा गेली.

पायवालीने पिशवीतून टेप काढला आणि गुडघ्यावर बसली. पलंगापाशी जमिनीपासून कठडा एक्क्याऐंशी सेंटिमीटर. कोपऱ्यावर एक्क्याऐंशी. न्हाणीपाशी, जिथे फरशीला उतार होता, तिथेही एक्क्याऐंशी. मग तिने आईला थांबवलं, हात खाली सोडायला सांगितला आणि जमिनीपासून मनगटापर्यंत टेप धरला.

एक्क्याऐंशी.